चुरमुऱ्याचं पथ्य

"पेशंट ससा आहे, म्याडम," तात्यासाहेबांचा ड्रायव्हर म्हणाला, तेव्हा मी म्हशीच्या पोटात औषध सोडायची लांब नळी पेटीत भरत होते. ती परत काढून ठेवली.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मला चौदा महिने झाले होते. गाई, म्हशी, शेळ्या, शर्यतीची खोंडं, जत्रेत आजारी पडलेला एक उंट, एवढं सगळं हाताखालून गेलं होतं. ससा मात्र कॉलेजात पाहिलेला, तोही तोंडी परीक्षेपुरता. पण गाडी तात्यासाहेब निकमांची होती. ते दूध संघाचे अध्यक्ष. त्या भागात कुणाच्या गोठ्यात काय जन्मलं इथपासून कुणाची बदली कुठं झाली इथपर्यंत सगळं त्यांच्या कानावरून जायचं. त्यांची गाडी दारात आली की डॉक्टर जनावर कोणतं ते विचारत बसत नाही, चप्पल शोधतो.

आणि बदली तर मला हवीच होती. माझा मुलगा सलील अडीच वर्षांचा, साताऱ्याला सासूबाईंजवळ. नवऱ्याची नोकरीही तिथलीच. मी दर पंधरा दिवसांनी शनिवारी दोनच्या एसटीनं जायची आणि रविवारी संध्याकाळी डोळे पुसत परत यायची. मागच्या खेपेला सलील अंगणात पडला, गुडघा फुटला, आणि 'आई, आई' करत सासूबाईंकडे धावला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नव्हतं. अर्जाला तात्यासाहेबांचं शिफारसपत्र जोडलं तर काम होईल असं दवाखान्यातले सगळे म्हणत, म्हणून मी महिन्यापूर्वी अर्जाची प्रत त्यांच्या बंगल्यावर देऊन आले होते. उत्तर आलं नव्हतं. आता त्यांनीच गाडी पाठवली होती, आणि नेमका तो माझा साताऱ्याचा शनिवार होता. सकाळचे दहा वाजले होते. सशाला कितीसा वेळ लागणार, असा मी हिशेब केला.

आम्ही आत शिरलो तसं वॉचमननं फाटक लावून घेतलं आणि कडी घातली. त्या घराची तशी रीतच होती.

व्हरांड्यात एक माणूस उभा राहील एवढा मोठा पिंजरा होता. त्याच्याजवळ तात्यासाहेब खुर्ची टाकून बसले होते. वय पासष्टच्या आसपास, धोतर-सदऱ्याला एक सुरकुती नाही. पलीकडे त्यांची नात शर्वरी जमिनीवर फतकल मारून बसली होती. नऊ वर्षांची, फ्रॉकच्या बाहीतून दांड्यासारखे हात बाहेर आलेले. तिची कथा तालुक्यात सगळ्यांना माहीत होती. तात्यासाहेबांचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. सुनेनं वर्षभर वाट पाहिली, मग मिरजेच्या शाळेत नोकरी धरली. तात्यासाहेबांनी तिला अडवलं नाही. फक्त मुलीला सोडलं नाही. तुला जायचं तर जा, आमचं रक्त आमच्या घरात राहील, एवढंच म्हणाले म्हणे. बोलावल्याशिवाय सुनेनं इकडं यायचं नाही असंही ठरलं होतं.

"या डॉक्टरीणबाई," तात्यासाहेब म्हणाले. "आमचा चुरमुऱ्या कालपास्नं गवताला तोंड लावंना झालाय."

चुरमुऱ्या पांढराशुभ्र होता. कोपऱ्यात पाठीचा बाक काढून, डोळे अर्धे मिटून बसलेला. दुखत असलं की ससा दात करकर वाजवतो, एवढं मला परीक्षेतलं आठवत होतं, आणि तो वाजवत होता. पोटाला हात लावला तर रात्रभर फुगलेल्या आंबोळीच्या पिठासारखं लागलं. लेंड्या जवळजवळ नव्हत्या. ज्या होत्या त्या मोहरीएवढ्या, आणि शेपटीखाली चिकट घाण लागलेली.

मी खायला काय देता ते विचारलं. तात्यासाहेबांनी पिंजऱ्याला चिकटवलेल्या कागदाकडे बोट केलं. पुण्याच्या डॉक्टरांकडून मुद्दाम लिहून आणलं होतं. गवत दिवसभर, हवं तितकं, हरळी उत्तम. पाला मूठभर, कोथिंबीर नाहीतर मुळ्याचा. गाजर आठवड्यातून दोनदा, बोटाएवढं. धान्य, पोळी, भाकरी, बिस्किट, गूळ, साखर मुळीच नाही. पाणी स्वच्छ. आणि खाली, एखादा ठराव मंजूर करावा तशी, तात्यासाहेबांची सही.

हरळी रोज सकाळी एक गडी कापून आणायचा आणि ती दोन पाण्यांतून धुतली जायची. गाजर ते स्वतः कापून द्यायचे. मला यात सुधारण्यासारखं काही दिसेना. माझ्या हाताखालच्या चार-पाचशे जनावरांत एवढं पथ्य पाळणारं एकही नव्हतं, आणि तरी हा मरायला टेकला होता.

मी कातडीखालून सलाईन दिलं, पोट हळूहळू चोळलं, आतडं हलवायचं एक इंजेक्शन टोचलं. वायूवरचं थेंबाचं औषध माझ्याकडे नव्हतं. ते सांगलीला मिळेल म्हटल्यावर तात्यासाहेबांनी त्याच क्षणी ड्रायव्हरला पिटाळलं. मग माझ्या लक्षात आलं की मला परत न्यायची गाडीही तीच. मी चाचरत म्हटलं की मला दोनची एसटी गाठायची आहे.

"गाडी येऊ द्या. त्यो गवत खाऊ द्या. मग जावा," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "आमच्या घरातनं डॉक्टर आजारी जनावर टाकून गेला असं झालं न्हाई अजून."

मी फाटकाकडे पाहिलं. वॉचमन स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. चालत निघाले असते तर कुणी धरून ठेवलं नसतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी माझे पाय उचलले नाहीत. अर्ज त्यांच्या टेबलावर होता.

साडेबाराला पाट मांडले. त्या घरात पानात काही टाकायचं नाही हा नियम होता, आणि तो असा पाळला जायचा की एकाच्याही पानात शीत उरलं तर तात्यासाहेब उठायचे नाहीत. ते उठले नाहीत तर कुणीच उठायचं नाही. "आमी दुष्काळात रेशनच्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढल्यात," असं ते जेवायला बसतानाच म्हणाले. बाकी जेवणभर बोलले नाहीत, मान खाली घालून जेवत राहिले. वाढायला त्यांच्या पत्नी माईसाहेब. त्यांचा आग्रह म्हणजे दरोडा होता. नको म्हणून हात आडवा धरला तर हाताच्या बाजूनं भात पानात यायचा. मी तिसऱ्या पोळीपाशी घामाघूम झाले, आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघत राहिले.

समोर शर्वरी बसली होती. तिच्याकडे बघून माईसाहेबांचा जीव तुटत होता. पोरगी पान चाटूनपुसून स्वच्छ करते, टॉनिकच्या बाटल्या संपवल्या, तरी अंगाला काही लागत नाही, दृष्टच लागली असेल, असं त्या मला सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी तूपसाखर लावलेल्या पोळीची गुंडाळी तिच्या पानात ठेवली आणि मला भात वाढायला वळल्या. त्या वळल्या तशी ती गुंडाळी पानातून नाहीशी झाली. शर्वरीच्या फ्रॉकला मोठे खिसे होते. पाठोपाठ शेंगाची चटणी लावलेली अर्धी भाकरी गेली. ती रिकामं तोंड हलवत राहिली आणि माझ्याशी तिची नजरानजर झाली.

खरं सांगायचं तर मला हसू आलं. मलाही असे खिसे असते तर, असं मनात आलं. मी डोळा मिचकावला. ती हसली नाही.

जेवून उठायला दोन वाजून गेले. एसटी गेली. तात्यासाहेब आडवे व्हायला आत गेले, माईसाहेब झाकपाक करायला स्वयंपाकघरात गेल्या, आणि मी व्हरांड्यात चुरमुऱ्याचं पोट चोळत बसले. तेव्हा मुंग्या दिसल्या. भिंतीवरून उतरून, पिंजऱ्याच्या पायावरून चढून एक बारीक रांग सशाच्या झोपायच्या खोक्यात जात होती. गवत खाणाऱ्या जनावराकडे मुंग्यांचं काय काम? मी खोक्यात हात घातला. वरची हरळी बाजूला केली तर खाली पोळ्यांचे तुकडे, भाताचा वाळलेला लगदा, शिऱ्याचे गोळे, असा दोन-तीन दिवसांचा स्वयंपाक साठला होता. वर ताजी तूपसाखरेची गुंडाळी.

मागे वळले तर शर्वरी दारात उभी होती.

"हे तू घालतेस?"

तिनं मान हलवली.

"रोज?"

"दोन्ही वेळा. आधी थोडं होतं, आता सगळं." मग घाईनं म्हणाली, "त्याला आवडतं. तो लगेच खातो. परवापासूनच नाही खात."

मी तिला जवळ बसवलं आणि सशाचं पोट कसं असतं ते सांगितलं. त्याचं आतडं गवतावर चालतं, सारखं चालावं लागतं. पोळी आणि साखर पडली की ते थांबतं, आत सगळं आंबतं आणि फुगतं. आता बंद केलं नाहीस तर हा मरेल, असंही सांगितलं. मुलांना खोटं सांगू नये असं माझं तेव्हा ठाम मत होतं. ती रडली नाही. जाळीतून बोट घालून तिनं चुरमुऱ्याच्या कानाला लावलं.

"मग मी कुठं टाकू?" तिनं विचारलं. "मोरीत आजी बघते. खिडकीखाली वॉचमनकाका असतात."

"टाकायचं कशाला? तू खायचं."

"खाल्लं तर मी आजारी कशी पडणार?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग तिनं सगळं सांगितलं, शाळेतली एखादी युक्ती सांगावी तसं. गेल्या वर्षी तिला टायफॉईड झाला होता. तिनं अन्न सोडलं, ताप उतरेना, तेव्हा आजोबांनी स्वतः मिरजेला गाडी पाठवून आईला आणलं. आई अकरा दिवस राहिली. तिच्याजवळ झोपली. मग शर्वरी बरी झाली आणि आई गेली. म्हणून दिवाळीनंतर तिनं ठरवलं होतं. शाळेच्या वजनकाट्यावर ती दर सोमवारी उभी राहायची. साडेतीन किलो कमी झालं होतं.

"अजून किती कमी झालं की आजारी म्हणतात?"

"बाळ, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"माहीत आहे. पण तुम्हाला वजन कळतं ना?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस राठ झाले होते, अन्न न मिळालेल्या वासराचे होतात तसे. त्या पोरीला उचलून फाटकाबाहेर न्यावं असं मला वाटलं, अगदी खरोखर वाटलं, आणि मी जागची हलले नाही.

"आजोबांना नाही ना सांगणार?" तिनं विचारलं.

"बघते," मी म्हटलं. मोठ्या माणसांना नाही म्हणायचं नसलं आणि हो म्हणायची छाती नसली की ती असंच म्हणतात.

पण तात्यासाहेबांना सगळं सांगायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. ससा का आजारी पडला ते सांगायचं आणि पोरगी का वाळली तेही. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

चारच्या सुमारास गाडी आली. थेंब दिले. अर्ध्या तासानं चुरमुऱ्या अंग झाडून उठला, पोटातून गुडगुड आवाज आला, चार-पाच लेंड्या पडल्या आणि त्यानं हरळीची एक काडी तोंडात धरली. माईसाहेबांनी हात जोडले. तात्यासाहेबांनी मला आत दिवाणखान्यात बोलावलं. टेबलावर माझा अर्ज होता आणि त्यावर एक टाइप केलेलं पत्र. त्यावर सही नव्हती.

"कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

पोटात वायू धरला होता, मी म्हटलं.

"वायू धराया त्यानं काय खाल्लं?" ते खुर्चीत सावरून बसले. "तीस वर्षं दुधातली भेसळ धरतोय मी, डॉक्टरीणबाई. तोंड बघून कळतं मला. काय सापडलं?"

"पोळी," मी म्हटलं. "भात. गोड."

त्यांनी एकदाच हाक मारली. स्वयंपाकाच्या अक्काबाई पदराला हात पुसत आल्या. साठीच्या बाई, त्या घरात वीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या. कागद वाचता येत नाही, पण पन्नासदा वाचून दाखवलाय का नाही, असं तात्यासाहेबांनी विचारलं. दाखवलाय, त्या म्हणाल्या.

"मग सश्याला पोळी कुणी घातली?"

"म्या न्हाई सायेब. देवाशपथ न्हाई."

"पोळ्या दुसऱ्या कुणाच्या हातात असत्यात? उद्यापास्नं यायचं न्हाई. हिशेब मुनीम देईल."

अक्काबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही ठाऊक होतं असं नाही, पण त्या खोलीत बोलू शकेल असं मी एकटीच होते. आतल्या दाराचा पडदा हलला. खाली शर्वरीचे पाय दिसत होते.

"त्यांनी नाही," मी म्हटलं. "शर्वरी घालते. स्वतःच्या पानातलं."

तात्यासाहेबांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा गोंधळलेला पाहिला.

"पानातलं? का?"

हीच ती वेळ होती. त्यांनीच विचारलं होतं. जुळवलेली वाक्यं माझ्या जिभेवर होती. पण ती म्हणायची म्हणजे तात्यासाहेब निकमांना त्यांच्या घरात, त्यांच्या माणसांसमोर, तुमचं चुकलं असं सांगायचं होतं. आणि पत्रावर सही नव्हती. मी सलीलचा फुटलेला गुडघा आठवला. दुसरं काहीही आठवू शकले असते.

"लहान आहे," मी म्हणाले. "लळा लागलाय. आपलं आवडीचं त्यालाही द्यावंसं वाटतं."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसू लागले. पोटभर, खुर्चीचे हात धरून हसले. बापासारखीच आहे म्हणाले, तोही शाळेचा डबा कुत्र्यांना घालायचा. अक्काबाईंना त्यांनी हातानंच जायला सांगितलं, उद्या लवकर या म्हणाले. पडद्याखालचे पाय तिथंच होते.

मग त्यांनी पेन उघडलं.

"तुमचा अर्ज वाचला मी," ते सही करताना म्हणाले. "एवढ्या लहान लेकराला आईपास्नं लांब ठेवणं बरं न्हवं. पाप लागतं."

मी दुसऱ्यांदा गप्प बसले. पत्र घेतलं, पर्समध्ये ठेवलं, आभार मानले. गाडीनं मला स्टँडवर सोडलं आणि साताऱ्याची शेवटची एसटी मिळाली. वाटेत मी स्वतःला समजावत गेले. ससा वाचला. अक्काबाईंची चूल वाचली. खोटं असं काही मी बोलले नव्हते. लळा तर होताच.

बदलीचा हुकूम सात आठवड्यांनी आला. निघायच्या आदल्या दिवशी मी पेढे घेऊन बंगल्यावर गेले. न जाण्याची सोय नव्हती. पिंजरा व्हरांड्यात नव्हता. चुरमुऱ्याला मागच्या मळ्यात हलवलं होतं, तिथं तो हरळीत हिंडायचा. तात्यासाहेबांनी मला तिकडं नेऊन दाखवलं. ससा उत्तम होता. पोट आटोपशीर, डोळे स्वच्छ, लेंड्या वाटाण्याएवढ्या आणि कोरड्या. मी हातात घेतला तर त्यानं मागच्या पायांनी अशी लाथ झाडली की मनगटावर ओरखडा उठला.

"आणि पोरगीला बघा," ते म्हणाले. "दोन्ही वेळा मी सोता जवळ बसवून जेवू घालतो. येक घास हिकडचा तिकडं न्हाई. पाच किलो वाढली."

दुपारची वेळ होती. शर्वरी पाटावर बसली होती. तिचे गाल भरले होते आणि केसांवर तेलाची चमक होती. फ्रॉक नवा होता, बिनखिशाचा. मी तिच्यासमोर बसले. तात्यासाहेब पाणी प्यायला वळले तेवढ्यात मी काहीतरी बोलायला म्हणून म्हटलं की मी उद्या जाणार आहे.

"कुठं?"

"साताऱ्याला. माझ्या मुलाकडे."

"तो तुमच्याजवळ नव्हता?"

"नव्हता."

तिनं तोंडातला घास गिळला आणि आवाज अगदी खाली आणला. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तो घेऊन गेले असते. पण तिला फक्त माहिती हवी होती.

"त्यानं जेवण सोडलं होतं का?"

मी नाही म्हणाले. तिनं थोडा विचार केला. तेवढ्यात तात्यासाहेब परत वळले, भात अजून आहे म्हणाले, आणि ती मान खाली घालून भात खाऊ लागली.